स्थानभ्रष्ट चिन्ह : पडद्यावरील एका संकेतभंगाची चिकित्सा

संगणकाच्या पडद्याच्या काठावर, बहुधा घड्याळाच्या शेजारी, लहान लहान चिन्हांची जी ओळ असते तिला सामान्य व्यवहारात 'सिस्टीम ट्रे' किंवा नुसते 'ट्रे' असे म्हणतात. आवाजाची पातळी, इंटरनेटची जोडणी, नुकताच आलेला निरोप, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट म्हणजे कळफलक या क्षणी कोणत्या पद्धतीने लिहीत आहे, हे सारे त्या ओळीवरून कळते. लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांना केव्हा ना केव्हा असा अनुभव येतो की, यांपैकी एखादे चिन्ह आपल्या जागी नाही. ते पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात चिमुकल्या स्वतंत्र खिडकीच्या रूपाने तरंगत असते; किंवा दुसऱ्याच पडद्यावर गेलेले असते; किंवा मुळी दिसतच नाही; किंवा चिन्ह जागेवर असून त्यावर टिचकी मारताच उघडणारी यादी मात्र भलतीकडे उघडते.

दोष किरकोळ वाटतो. परंतु बोलींच्या ध्वनिमुद्रणांवरून संहिता तयार करणाऱ्यास तो किरकोळ नाही. मराठी लेखनासाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी अशा दोन रचना एकाच यंत्रावर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. रोमन 'एल'ची कळ उच्चारानुसारी रचनेत 'ल' देते, इनस्क्रिप्टमध्ये तीच कळ 'त' देते. संपूर्ण शब्द टंकित करताना ही गफलत लगेच डोळ्यांत भरते, कारण उमटलेला शब्द वाचताच येत नाही. पण रूपविश्लेषणाच्या तक्त्यात जेथे एका रकान्यात केवळ प्रत्यय नोंदवावयाचा असतो, तेथे लाख्याताच्या जागी ताख्यात नोंदले जाते, आणि ती नोंद पाहणाऱ्यास पूर्णपणे विश्वसनीय वाटते. भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो, आणि याची साक्ष देणारे एकमेव चिन्ह त्या वेळी कोठेतरी खिडक्यांच्या मागे दडलेले असते. म्हणून या विषयाची थोडी तपशिलाने चर्चा करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम नावाविषयी. 'ट्रे' हे नाव विंडोज प्रणालीकडून आले. १९९५ च्या विंडोजमध्ये त्या भागाचे अधिकृत नाव 'सूचनाक्षेत्र' या अर्थाचे होते व पुढेही तेच राहिले. 'ट्रे' म्हणणे चूकच, असे मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. त्यांच्या मते, आरंभीच्या चाचणी-आवृत्त्यांत पडद्याच्या तळाशी वस्तू ओढून ठेवण्याची एक जागा होती, ती खरोखरच तबकासारखी होती, आणि त्या कल्पनेचा अवशेष म्हणून हे नाव उरले असावे. शिवाय त्याच नावाची एक आज्ञावलीही प्रणालीत होती. वस्तू गेली, नाव राहिले, हा प्रकार अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास नवा नाही. मराठीत यास 'तबक' म्हणावे असा मोह होतो. पण बोलताना सारे 'ट्रे'च म्हणतात, तेव्हा येथेही तोच शब्द योजला आहे.

आता मूळ मुद्दा. चिन्हाला स्वतःची अशी जागा नसते. जागा मागणारी आज्ञावली निराळी, जागा देणारी पट्टी निराळी, आणि या दोघींची गाठ घालून देणारी व्यवस्था आणखी निराळी. चिन्ह कोठे दिसेल हे या पक्षांतील संवादाने ठरते. त्यामुळे चिन्ह चुकीच्या जागी दिसले की ते माउसने ओढून नेण्याचा प्रयत्न करणे किंवा पट्टीची मापे बदलत बसणे बहुधा निष्फळ ठरते. दोष शोधावयाचा तो त्या संवादात.

रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषिक संवादाचे जे घटक सांगितले, त्यांतील दोन येथे उपयोगी पडतात : संपर्क आणि संकेतव्यवस्था. ऐकणारा समोर आहे की नाही, हा संपर्काचा प्रश्न; तो आपली भाषा जाणतो की नाही, हा संकेतव्यवस्थेचा. स्थानभ्रष्ट चिन्हांचे बहुतेक प्रकार या दोहोंपैकी कोणत्या तरी एकात बसतात. कसे, ते पाहण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

लिनक्सवरील चित्रमय व्यवहार दीर्घकाळ ज्या व्यवस्थेवर चालला ती 'एक्स' खिडकीव्यवस्था १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच पुढे टिकली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, ती खिडक्या काढते, पण त्या कशा मांडाव्यात याविषयी मत देत नाही. पट्टी, घड्याळ, ट्रे यांची तिला ओळखच नाही. त्या सर्व तिच्या दृष्टीने सारख्याच दर्जाच्या आज्ञावली होत. तेव्हा एका आज्ञावलीचे चिन्ह दुसऱ्या आज्ञावलीच्या पट्टीत बसवावयाचे, तर त्या दोघींनी आपसांत काही करार करणे भाग होते. ग्नोम, केडीई आदी पर्यावरणांच्या कर्त्यांना एकत्र आणण्यासाठी २००० साली फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू झाला, आणि त्याच्या आश्रयाने २००२ मध्ये हॅवॉक पेनिंग्टन यांनी ट्रेसंबंधीचा करार लिहिला. त्याचा पाया 'एक्स-एम्बेड' हा, म्हणजे एक खिडकी दुसऱ्या खिडकीच्या पोटात रोवण्याचा संकेत होता.

करार असा. प्रत्येक पडद्यासाठी एक मानाचे पद असते. जी पट्टी ट्रे चालवू इच्छिते ती ते पद धारण करते आणि 'आता ट्रेचे काम माझ्याकडे आहे' अशी दवंडी पिटते. चिन्ह दाखवू इच्छिणारी आज्ञावली त्या पदाचा धारक कोण याची चौकशी करते आणि त्यास आपल्या चिमुकल्या खिडकीचा क्रमांक कळवून 'हिला सामावून घ्या' अशी विनंती करते. धारक ती खिडकी उचलून आपल्या पोटात घेतो. आज्ञावली येथे आपल्या चिन्हाचे वर्णन पाठवीत नाही, प्रत्यक्ष खिडकीच हाती देते. स्विफ्टच्या गलिव्हरला लगाडो येथील विद्यापीठात शब्दांऐवजी वस्तूच पाठीवर वाहून नेणारे पंडित भेटतात. हा करार त्यांच्याच पठडीतला म्हणावयास हरकत नाही. त्याचे परिणामही तसेच झाले.

पहिला परिणाम : वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. दोन पडद्यांवर दोन पट्ट्या मांडून दोहोंवर ट्रे ठेवला, तर पद एकच असल्यामुळे चिन्हे एकीकडेच जातात. चिन्हे 'दुसऱ्या पडद्यावर पळाली' अशी जी तक्रार असते, तिचे मूळ अनेकदा इतकेच असते.

दुसरा परिणाम संपर्काचा. संगणक सुरू होताना पट्टी व इतर आज्ञावली एकाच वेळी जाग्या होत असतात. एखादी आज्ञावली पट्टीच्या आधी तयार झाली आणि तिने पदाची चौकशी केली, तर धारक कोणीच नसतो. करारानुसार तिने अशा वेळी दवंडीची वाट पाहावयास हवी. सुसंस्कृत आज्ञावली तसे करतात. काही करीत नाहीत. काही गप्प बसतात, आणि चिन्ह मुळीच दिसत नाही. काही आपली खिडकी तशीच उघडतात. एक्स व्यवस्थेत अंतरे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजली जातात; जिच्या जागेविषयी कोणी काही सांगितलेले नाही अशी खिडकी शून्य आणि शून्य या बिंदूवर, म्हणजे त्याच कोपऱ्यात येऊन पडणे साहजिक आहे. तरंगते चिन्ह नेहमी तेथेच का सापडते, याचे उत्तर हे. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविणाऱ्या 'वाइन' या साधनाने यावर स्वतःची तोड काढली : ट्रेचा धारक न मिळाल्यास त्याच्या अनेक आवृत्त्या 'वाइन सिस्टीम ट्रे' अशा मथळ्याची एक वेगळी खिडकीच उघडतात. पाहणाऱ्यास तो बिघाड वाटतो. खरे पाहता श्रोता नसताना बोलावयाची वेळ आलेल्याने काढलेला तो मार्ग आहे.

संपर्क मध्येच तुटण्याचाही प्रकार आहे. पट्टी कोसळली आणि पुन्हा सुरू झाली, की तिच्या पोटातील खिडक्या नष्ट होत नाहीत. एक्स व्यवस्था त्यांना पडद्याच्या मूळ खिडकीच्या स्वाधीन करते. दवंडीकडे कान देणाऱ्या आज्ञावली पुन्हा विनंती करून जागा मिळवितात, इतरांची चिन्हे अनाथ होतात.

चिन्हांच्या क्रमाविषयी करार काहीच सांगत नाही. जे आधी आले ते आधी बसले, एवढीच बहुतेक जुन्या पट्ट्यांची रीत. त्यामुळे दररोज चिन्हांची जागा थोडी बदललेली आढळल्यास तो दोष समजू नये.

वस्तूऐवजी वर्णन पाठविण्याची कल्पना केडीईच्या मंडळींनी २००९ च्या सुमारास पुढे आणली. या दुसऱ्या संकेतात आज्ञावली 'डी-बस' या निरोपवाहिनीवरून एका नोंदणीदाराकडे आपली नोंद करते आणि सांगते : माझे नाव अमुक, माझा वर्ग अमुक, माझी सध्याची स्थिती निष्क्रिय, सक्रिय किंवा लक्ष वेधणारी अशी, माझे चिन्ह या नावाचे, माझी यादी अशी. चिन्ह कोठे, केवढे, कोणत्या रंगात काढावयाचे हे सर्वस्वी पट्टीने ठरवावयाचे. शब्द एकाच वेळी अनेकांना ऐकू जातो. त्यामुळे येथे दोन पट्ट्यांवर एकच चिन्ह दिसणे हा दोष राहिला नाही. उबुंटूने एप्रिल २०१० च्या आवृत्तीत याच धर्तीची चिन्हे स्वीकारली. या संकेताचे नाव नोंदविताना मसुद्यात 'फ्रीडेस्कटॉप' हा उपसर्ग आहे, परंतु प्रत्यक्ष व्यवहारात सर्व आज्ञावली अद्याप 'केडीई' हाच उपसर्ग उच्चारतात. व्याकरणकाराने सुधारावे आणि प्रयोगाने दाद देऊ नये, असा हा मासला आहे.

आता दोन संकेत झाले, आणि द्वैभाषिक समाजात जे होते ते येथे झाले. काही आज्ञावली जुनी भाषा बोलतात, काही नवी, काही दोन्ही, पट्ट्यांचेही तसेच. केडीईच्या प्लाझ्मा पर्यावरणाने २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत जुन्या संकेताला रजा दिली. तत्काळ अनेक चिन्हे नाहीशी झाली, आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या ५.५ या आवृत्तीत एक दुभाषी नेमावा लागला. हा दुभाषी जुन्या आज्ञावलीची खिडकी स्वतःकडे घेतो, ती अदृश्य करून ठेवतो, तिचे चित्र टिपून नव्या भाषेत पट्टीला कळवितो, आणि आपण चित्रावर टिचकी मारली की ती अदृश्य खिडकी माउसच्या टोकाखाली आणून तिला टिचकी पोहोचवितो. कौशल्याचे काम आहे यात शंका नाही. पण भाषांतरात काही तरी हरपतेच. क्वचित ती खिडकी अदृश्य राहत नाही आणि पडद्यावर चिन्हाचे भूत दिसते.

एक्सएफसीई पर्यावरणाने डिसेंबर २०२० च्या ४.१६ या आवृत्तीत दोन्ही संकेत जाणणारा एकच ट्रे दिला. जुन्या यंत्रांसाठी ही सोय आम्हांस सर्वांत समंजस वाटते. ग्नोमची वाट वेगळी. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत ट्रे तळाशी गेला, मार्च २०१५ मध्ये डाव्या खालच्या कोपऱ्यातील सरकत्या कप्प्यात गेला, आणि सप्टेंबर २०१७ च्या ३.२६ मध्ये अजिबात काढून टाकण्यात आला. त्यामागील भूमिका अशी की, आज्ञावलींनी कायमचे ठाण मांडून बसू नये, सांगावयाचे ते सूचनेद्वारे सांगावे. ही भूमिका विचारान्ती घेतलेली होती, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या असंख्य आज्ञावली ट्रे गृहीत धरून लिहिल्या गेल्या होत्या त्यांचा श्रोताच नाहीसा झाला, आणि ती उणीव भरून काढणारे जोड-साधन वापरकर्त्याने स्वतः शोधून बसवावयाचे अशी स्थिती आली. उबुंटू ते साधन मुळातच बसवून देते. इतर अनेक वितरणांत ते नसते. त्यामुळे 'तुमच्याकडे दिसते, माझ्याकडे दिसत नाही' या प्रकारच्या तक्रारीत दोन्ही बाजू खऱ्या असतात.

यादी भलतीकडे उघडण्याचे कारण मात्र निराळे आहे. २००८ साली ख्रिस्तियन होग्सबर्ग यांनी आरंभ केलेली 'वेलँड' ही व्यवस्था आता एक्सची जागा घेत आहे. ग्नोमने सप्टेंबर २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीत एक्सचे सत्र मूळ बांधणीत बंद ठेवले. वेलँडमध्ये कोणत्याही खिडकीस आपण संपूर्ण पडद्यावर नेमके कोठे आहोत हे कळू दिले जात नाही. नव्या संकेतात पट्टी आज्ञावलीला 'अमुक बिंदूवर टिचकी पडली, तेथे यादी उघड' असे सांगू शकते; परंतु ज्या आज्ञावलीला त्या बिंदूचा अर्थच लावता येत नाही ती यादी कोठे उघडणार? 'येथे' हा शब्द बोलणाऱ्याचे स्थान ठाऊक असेल तरच सार्थ होतो. यावर उपाय म्हणजे यादीचेही वर्णनच पाठविणे व ती पट्टीने काढणे. ज्या आज्ञावली तसे करतात त्यांची यादी योग्य जागी उघडते.

इतके ध्यानात घेतल्यावर प्रत्यक्ष चिकित्सा अवघड नाही. सत्र एक्सचे आहे की वेलँडचे, हे आधी पाहावे. ग्नोम व प्लाझ्मा या दोहोंच्या 'प्रणालीविषयी' या पानावर ते लिहिलेले असते. मग पट्टीवर ट्रे खरोखर आहे काय, ते पाहावे. हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु माटे किंवा एक्सएफसीईच्या पट्टीवरून ट्रेचा घटक अनवधानाने निघून जाणे ही फार सामान्य गोष्ट आहे, आणि पट्टीवर उजवी टिचकी मारून तो पुन्हा जोडला की काम भागते. प्लाझ्मामध्ये ट्रेच्या शेजारच्या बाणाखाली दडलेल्या चिन्हांची यादी असते. निष्क्रिय म्हणून जाहीर झालेले चिन्ह तेथे गेलेले असते, आणि ट्रेच्या मांडणीत त्यास 'नेहमी दाखवा' असे सांगता येते.

त्यानंतरची कसोटी आमच्या मते सर्वांत फलदायी आहे. ज्या आज्ञावलीचे चिन्ह चुकले आहे ती पूर्णपणे बंद करावी, पट्टी व ट्रे व्यवस्थित दिसत असल्याची खात्री करावी, आणि मग ती आज्ञावली हाताने सुरू करावी. चिन्ह आता योग्य जागी बसले, तर भाषेचा प्रश्न नाही, केवळ वेळेचा आहे. आज्ञावलीच्या स्वयंआरंभाच्या आज्ञेत पाचदहा सेकंदांचा विराम घातला की दोष नाहीसा होतो. याउलट चिन्ह पूर्वीप्रमाणेच तरंगत राहिले, तर दोघांची भाषा जुळत नाही असे समजावे. एक्सच्या सत्रात याची खातरजमाही करता येते : टर्मिनलमधून 'एक्सप्रॉप' हे साधन चालवून तरंगत्या चिन्हावर टिचकी मारली असता त्या खिडकीचे गुणधर्म उमटतात. त्यांत एक्स-एम्बेडची माहिती देणारा गुणधर्म आढळला, तर ते जुन्या भाषेत जागा मागणारे आणि जागा न मिळालेले चिन्ह होय. त्याच यादीतील वर्गनामावरून ते कोणत्या आज्ञावलीचे हेही समजते. मग उपाय दुभाष्याचा : ग्नोममध्ये जोड-साधन, प्लाझ्मामध्ये बंद पडलेला दुभाषी पुन्हा सुरू करणे, एक्सएफसीईत नवा संयुक्त ट्रे.

यांपैकी काहीही न करता घरच्या संचिकेतील सर्व मांडण्या पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो घेऊ नये. त्याने क्वचित चिन्ह जागेवर येते, पण कळफलकाच्या रचना, शॉर्टकट, परिश्रमाने जमविलेले शब्दसंचय यांवर पाणी पडते. आणि दोष भाषेचा असेल तर नव्या मांडणीतही तो पूर्ववत प्रकट होतो.

राहता राहिले मराठी लेखनाचे चिन्ह. भारतीय भाषांसाठी लिनक्सवर बहुधा 'आयबस' हे साधन वापरले जाते. ग्नोममध्ये २०१२ च्या ३.६ या आवृत्तीपासून ते पर्यावरणातच सामावलेले असल्यामुळे त्याचे चिन्ह पर्यावरण स्वतः काढते. ट्रेच्या करारांशी त्याचा संबंध येत नाही, म्हणून तेथे ते सहसा हरवत नाही. अन्य पर्यावरणांत आयबसला इतर आज्ञावलींप्रमाणेच जागा मागावी लागते, आणि वरील सर्व प्रकार संभवतात. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : तेथे आयबस स्वयंआरंभाने सुरू करून भागत नाही, प्रणालीच्या मांडणीत 'आभासी कळफलक' या, वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या, शीर्षकाखाली त्याची निवड करावी लागते. आयबसच्या स्वतःच्या मांडणीत ट्रेमधील चिन्ह दाखवावे की नाही असा एक चौकोन आहे. तो रिकामा असेल तर वरील सारी चिकित्सा व्यर्थ, म्हणून तो आधीच पाहून घ्यावा. त्याच ठिकाणी गुणपट्टी नेहमी दाखविण्याची सोय आहे. संहितालेखनाच्या कामास बसणाऱ्याने ती चालू ठेवावी, आणि लेखनपद्धतीचे नाव दाखविण्याचा पर्यायही निवडावा. ही पट्टी ट्रेवर अवलंबून नसते. ती पडद्यावर मोकळी तरंगते, आणि तिच्या बाबतीत ते तरंगणे योजलेले आहे.